दोन लाख किलोमीटरच्या घरात चाललेली जुनी डिझेल गाडी घेतली: सगळी तेलं बदलायची की चालत्या इंजिनाला हात लावायचा नाही?

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

भाऊजींनी गेल्या महिन्यात नागपूरहून २०१३ची डिझायर आणली, डिझेल. मीटर १,८७,००० दाखवतं. विकणाऱ्यानं "सर्व्हिस झालेली आहे, डिझेल टाका न चालवा" एवढं सांगितलं, कागद मात्र एकही दिला नाही. आता घरात दोन तट पडलेत. मोठे काका म्हणतात, इंजिन घड्याळासारखं चाललंय, उगाच खोलू नका. माझं म्हणणं असं, की कागद नाही म्हणजे सर्व्हिस झालेली नाही, असंच धरून चालायचं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी), ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, सगळं एकदा बदलायचं आणि त्या तारखेपासून आपली वही सुरू करायची.

यातही माझा पहिला हट्ट कूलंटचा आहे. रिझर्व्ह टाकीचं झाकण उघडलं तर आत तांबूस गढूळ पाणी. आमचा भाग खारपाण पट्ट्यातला. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव, पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारट. ज्या पाण्यानं घरच्या नळाच्या तोट्या वर्षभरात पांढऱ्या पडतात, तेच पाणी लोक रेडिएटरमध्ये ओततात आणि मे महिन्यात गाडी गरम झाली की कंपनीला शिव्या देतात. या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, अॅल्युमिनियमचं आहे, ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य भाग, बिडाचा. खारं पाणी दोन्हीला खातं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार धरतो. इंजिन ऑइल आठवडाभर उशिरा बदललं तरी चालेल, पण हे पाणी आधी निघालं पाहिजे. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारणासहित सांगा.

गॅरेजवाला, दारव्हा रोड

भाऊ, राग नका धरू, पण "सगळं बदला" म्हणणं सोपं हाय. गाडी आमच्याच दारात येऊन उभी रायते नंतर. बारा वर्षांची गाडी हाय ना? तिचे रबरी पाइप कडक झाले असतीन. रेडिएटरच्या वरच्या टाकीची नळी प्लास्टिकची. कूलंट काढाले पाइप ओढला का ती नळी तुटते, मग पाइप अन् क्लिपांसंगं नवीन रेडिएटरचा खर्च. कूलंट भरल्यावर हवा नीट नाई काढली तर आत हवेचा गोळा अडकते, काटा एकदम वर जाते अन् हेड गॅस्केट, म्हंजे हेड-ब्लॉकच्या मधातली पत्री, जाते. अशा गाड्या म्या पायल्या हायेत, काल चालत होत्या अन् सर्व्हिस झाल्यावर बंद पडल्या.

तेल-फिल्टर बदला, त्याले कोणी नाई म्हणत नाई. पण तेल १५डब्ल्यू-४० टाका. एवढ्या चाललेल्या इंजिनाले पातळ सिंथेटिक टाकलं का सील झिरपाले लागते. आपल्या इकडे ४६ डिग्री तापते, पातळ तेल टिकन का? अन् फ्लश करा, म्हंजे रसायन टाकून इंजिन आतून धुवा, म्हणून कोणी सांगतलं तर त्याले हात जोडा.

अमरावतीचा मेकॅनिकल

फ्लशबद्दल गॅरेजवाल्या दादांशी शंभर टक्के सहमत. वर्षानुवर्षं साचलेला गाळ रसायनानं एकदम सुटला की तेल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत जाऊन बसतो. तिथं तेल अडलं की इंजिन मिनिटांत संपतं. त्यापेक्षा चांगलं तेल टाका आणि पहिल्यांदा ते दोन-अडीच हजार किलोमीटरवरच नव्या फिल्टरसह पुन्हा बदला. तेलातली डिटर्जंट्स गाळ हळूहळू उचलतात.

पण तेलाच्या जाडीबद्दल जे लिहिलंय ते मला अजिबात मान्य नाही. ५डब्ल्यू-३० मधला ५डब्ल्यू हा थंड इंजिनात तेल किती सहज वाहतं त्याचा आकडा. दुसरा ३० किंवा ४० हा १०० अंश सेल्सिअसला तेल किती जाड राहतं त्याचा. म्हणजे १५डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० गरम झाल्यावर जवळपास सारखीच जाड असतात. फरक सकाळी गाडी सुरू करताना पडतो. बाहेर ४६ डिग्री असो की डिसेंबरातले १०, थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी ८५-९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. कूलिंग धड असेल तर बाहेरच्या उन्हानं तेलाचा ग्रेड ठरत नाही. आणि धड नसेल तर जाड तेल टाकून ते धड होणार नाही.

दुसरं, ते इंजिन १,२४८ सीसीचं मल्टिजेट आहे. त्यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेनचा ताण तेलाच्या दाबावर राहतो. व्हॉल्व्हची फट सांभाळणारे भागही तेलाच्या दाबावर चालतात. शिवाय टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) आहे. सुरू केल्याकेल्या तेल या सगळ्यांपर्यंत पोचायला हवं. म्हणून कंपनी ५डब्ल्यूपासून सुरू होणारं तेल सांगते. सकाळी सुरू केल्यावर चेनची खळखळ ऐकू येत असेल तर ती आधी तपासा. जाड तेलानं ती दबेल, बरी होणार नाही.

पांढरकवडा स्टँड

कंपनीचं पुस्तक शहरातल्या रस्त्यासाठी लिवलं हाय साहेब. म्या जिंदगीभर काळी-पिवळी चालवली. पांढरकवडा, घाटंजी, खेड्यातले मुरमाचे रस्ते, गाडी गच्च भरून. १५डब्ल्यू-४० शिवाय कोणतंच तेल टाकलं नाई. इंजिनाचं काम निघालं ते गाडी म्हातारी झाल्यावर. तेल टायमावर बदलणं हे खरं, नंबर-फिंबर मागून. अन् डबा घरी घेऊन या रिकामा, गॅरेजात सोडू नका, फोडून टाका. तोच डबा भरून परत विकतेत.

अमरावतीचा मेकॅनिकल

काका, तुमच्या त्या जुन्या डिझेल इंजिनाच्या पुस्तकातच १५डब्ल्यू-४० असणार. म्हणजे तुम्ही पुस्तकच पाळलंत, म्हणून गाडी टिकली. डब्याचं मात्र सोन्यासारखं सांगितलंत. तेल ओळखीच्या दुकानातून, सील तपासून घ्यायचं आणि आपल्या डोळ्यांसमोर ओतून घ्यायचं. डब्यावर पुस्तिकेत दिलेला दर्जा छापलेला आहे का, तेही पाहा. नुसता ग्रेड जुळून भागत नाही.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका. डिझेलचं नवीन तेल काही दिवसांतच काळं होतं. ती काजळी आहे आणि ती धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. "तेल कायं पडलं, बदला" म्हणणाऱ्यावर पैसे घालवू नका. बोटांत चोळल्यावर खर लागली, डिझेलचा वास आला किंवा तेल मोजायच्या काडीवरची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर काळजी करा.

कापूसवाला, आर्णी

सगळे तेलावरच भांडून राह्यले. मी पैशाचं बोलतो. २०१३ची गाडी, तिची नोंदणी २०२८ला संपते. मग फिटनेस, पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण, वरून पर्यावरण कर. तीन वर्षांसाठी घेतलेल्या गाडीत पंधरा-वीस हजार घालायचे आणि विकताना त्यातला रुपया परत मिळणार नाही. कापसाचा भाव पाहिला का यंदा? माझं मत साफ आहे: इंजिन ऑइल, फिल्टर, टायर, ब्रेक, बस्स. गिअर ऑइल आणि कूलंट त्रास दिला तरच बघायचं. जुन्या गाडीत पैसे ओतत बसायचे असते तर लोकांनी नवीनच घेतली असती.

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

दादा, तुमच्या हिशेबात एक खर्च राहिला. कूलंट आणि बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाणी, दोन्ही मिळून हजार-दीड हजारांत होतं. हेड उतरवून गॅस्केट बदलायचं, हेड घासून आणायचं, तर त्याच्या कितीतरी पट पैसे जातात आणि ऐन वेचणीच्या दिवसांत गाडी आठवडाभर उभी राहते. गावात रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की हीच गाडी निघणार. त्रास झाल्यावर बघू म्हटलं, तर तो त्रास कुठंतरी अकोल्याच्या वाटेवर रात्री अकराला होईल. तीन वर्षंच ठेवायची असली तरी ती तीन वर्षं भरवशाची हवीत.

गिअर ऑइलचं तुमचं अर्धं पटतं. गिअर गुळगुळीत पडत असतील तर ते पुढच्या महिन्यावर टाकता येईल. फक्त खालून गळती आहे का ते पाहून घ्यायचं.

शिक्षिका, परतवाडा

मी स्वतः रोज गाडी चालवते आणि महिन्या-दोन महिन्यांनी चिखलदऱ्याला जाणं होतं. इतकी चर्चा झाली पण ब्रेक ऑइलवर कुणी दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत, याचं मला वाईट वाटतं. इंजिन बंद पडलं तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. घाट उतरताना ब्रेक गेला तर उभं राहायला कडाच नसते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल २३० अंशांच्या वर उकळतं, पण पाणी शोषल्यावर तीच हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. डॉट ३ची २०५ वरून १४० वर. घाटात सतत ब्रेक दाबून चाकं तापली, की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. दर दोन वर्षांनी बदलायचं हा साधा नियम आहे, आणि या गाडीचं कधी बदललं ते कुणालाच ठाऊक नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो प्रकार लिहिलाय तोच टाका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, आकडा मोठा म्हणून ते चुकूनही टाकू नका. माझ्या मते कूलंटच्याही आधी हे काम. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, खालच्या गिअरमध्ये उतरा.

वणीकर

ताईंचं म्हणणं खरं आहे, पण आमच्याकडे सगळ्यात आधी एअर फिल्टर. वणी, घुग्घुस, चंद्रपूर, या रस्त्यांवर कोळशाच्या गाड्या चालतात. महामार्गावर जो फिल्टर वर्षभर टिकतो तो इथं काही महिन्यांत बुजतो. बुजला तर नुसतं अॅव्हरेज पडतं. पण लोक पंक्चरवाल्याच्या हवेनं बाहेरून जोरात फुंकतात, कागद फाटतो आणि ती बारीक धूळ थेट टर्बोत आणि सिलिंडरात. फिल्टर पाच-सहाशेचा येतो, नवाच टाका. डब्याची क्लिप नीट बसली का आणि पाइपाला चीर आहे का, तेही पाहा.

रेडिएटरचं आत काय ते तुम्ही बोललात, बाहेरचं कुणी बोललं नाही. जिनिंगजवळून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या जाळीत कापसाचे तंतू, किडे, चिखल असा थर बसतो. एसीची जाळी पुढे आणि रेडिएटर मागे, त्यामुळे मधला थर वरून दिसतच नाही. पाण्याची धार हळू, मागून पुढे. जोराच्या प्रेशरनं पत्र्या वाकतात आणि मग हवा कायमची अडते.

आणि डिझेल फिल्टर. ट्रॅक्टरसाठी ड्रमात भरून ठेवलेलं डिझेल या गाडीत टाकू नका. ड्रमात तळाशी पाणी जमतं. जुनं ट्रॅक्टरचं इंजिन ते काही प्रमाणात सोसतं. या गाडीच्या कॉमन रेल पद्धतीत पंपातला डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, तिथं पाण्याचे थेंबही पंप आणि इंजेक्टर खराब करतात.

गॅरेजवाला, दारव्हा रोड

ब्रेकचं ताई बरोबर बोलल्या, त्यात माझं काईच म्हणणं नाई. ब्रेक ऑइल पह्यल्याच दिवशी.

कूलंटचं सांगतो. म्या "काढू नका" नाई म्हटलं, कोणाच्याही हातानं काढू नका म्हटलं. टाकीत तांबूस पाणी हाय म्हणता तर ते काढाच लागन. पण आधी वरचा-खालचा पाइप अन् क्लिपा नवीन आणून ठेवा, म्हंजे पाइप ओढाची गरज नाई, कापूनच काढाचा. इंजिन पुरं थंड पायजे. दोन-तीन वेळा साध्या स्वच्छ पाण्यानं धुवा, निर्मळ येईपर्यंत, अन् शेवटी डिस्टिल्ड. गावातल्या आरओच्या कॅनचं पाणी रस्त्यात अडचणीत चालते, कायमचं नाई. कूलंट तयार मिसळलेलं असन तर त्यात पाणी टाकाचं नाई, घट्ट असन तर अर्धं-अर्धं. अन् रंग पाहून टॉप-अप करू नका, हिरवं-लाल कंपनीगणिक येगळं येगळं असते, दोन जातीचं मिसळलं तर आत चिकट होऊ शकते. हवा काढाले हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवाचं, पंखा एक-दोन वेळा फिरू द्याचा, थंड झाल्यावर पातळी पाहाची.

निघालेलं कूलंट अंगणात सांडू नका. चवीले गोड लागते, ढोरं अन् कुत्रे चाटतेत, अन् ते जहर हाय. घमेल्यात धरा अन् झाकून ठेवा.

तेलाच्या बाबतीत माझं मत तेच हाय. इंजिनीअर साहेबांचं ५डब्ल्यू टाका वाटते तर ५डब्ल्यू-४० टाका, ३० नको.

अमरावतीचा मेकॅनिकल

पुस्तिकेत ४० चालत असेल तर माझी हरकत नाही. नसेल तर ३०च. एवढं चाललेलं इंजिन तेल खात असेल, म्हणजे बदलण्याआधीच भर घालावी लागत असेल, तरच ४० कडे जायला कारण आहे. आधी एक बदल पुस्तिकेप्रमाणे करा, काडी दर रविवारी पाहा आणि किती उतरतं ते वहीत लिहा. सील झिरपतं की नाही ते तेव्हा कळेल. आत्तापासून धरून चालू नका.

आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदी विचारा. तिथं गाडी शेवटची किती किलोमीटरवर आली होती ते निघालं, तर मीटर मागे फिरवला आहे का हेही कळेल.

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

नोंदींसाठी उद्याच अकोल्याला फोन करतो. ब्रेक ऑइल ताईंच्या सांगण्याप्रमाणे सगळ्यात आधी. पाइप, क्लिपा आणि डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणायला आमच्या मोठ्या काकांनाच पाठवतोय. गॅरेजवाले दादा, थर्मोस्टॅटही त्याच वेळी बदलून घ्यावा का? आणि रेडिएटरचं झाकण? बाकीचं काढलंच आहे तर, म्हणून विचारतो.

गॅरेजवाला, दारव्हा रोड

झाकण बदलाच. त्याची स्प्रिंग गेली का दाब राहत नाई अन् पाणी लवकर उकळते. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकून पाहा, उघडला तर तोच ठेवा. कोणी म्हणन का उनायात थर्मोस्टॅट काढूनच टाका, तर त्याचं ऐकू नका.