तारणाची खात्री कशावरून? प्रभूला स्वीकारल्याच्या दिवसावरून की बदललेल्या स्वभावावरून?

शाहूपुरीकर
आमच्या घरसभेत एका तरुणाने विचारलं, "माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालंय हे मला कशावरून कळावं?" लगेच उत्तर मिळालं, "सभेत प्रभूला स्वीकारलंस ना? मग झालं. शंका सैतान घालतो." हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.

पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय काढा. विश्वासात सात्त्विकतेची, मग ज्ञानाची, इंद्रियदमनाची, धीराची, सुभक्तीची, बंधुप्रेमाची आणि प्रीतीची भर घाला, असं तो सांगतो. त्यानंतर दहाव्या वचनात म्हणतो, आपलं पाचारण (देवाने केलेलं बोलावणं) व निवड दृढ करण्याचा प्रयत्न करा. तारीख कुठे विचारतो तो? सभेत हात वर केलेली माणसं सख्ख्या भावाला वाटणीवरून कोर्टात खेचतात, मुलाच्या लग्नात हुंडा घेतात, आणि वर तारणाची खात्री आहेच! अशाला खात्री वाटणं हा मंडळीचा गुन्हा आहे. त्याला थांबवून "स्वतःला तपास" म्हणायला हवं.

राजारामपुरीची ताई
दादा, जय ख्रिस्त. हुंड्याबद्दलचा राग समजतो, पण औषध चुकीच्या माणसाला लागू होतंय. तो भाऊ तुमचं ऐकून हलणार नाही. ज्या बाईचं मन आधीच हळवं आहे, पोरांवर ओरडले म्हणून रात्रभर रडते, ती मात्र मोडून पडेल. मी अशा बायका रोज बघते.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली आठवा. ऑक्सफर्डमध्ये शिस्तीने उपास, प्रार्थना, तुरुंगात कैद्यांच्या भेटी. मग मिशनरी म्हणून जॉर्जियाला गेला. शील कमी होतं का त्याचं? तरी मनाला खात्री नव्हती. ती आली २४ मे १७३८ ला, रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक ल्यूथरची प्रस्तावना कोणी वाचत असताना, केवळ ख्रिस्तावर भरवसा टाकल्यावर. वधस्तंभावरच्या चोराला तर भर घालायला एक दिवसही मिळाला नाही. "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे त्याने प्रभूच्या तोंडून ऐकलं. स्वतःत बघून शांती मिळत नाही, दादा.

कोडोलीचा
दोघांनाही सलाम. आम्ही ऊसवाले. डोळा फुटला म्हणून कांडी जिवंत होत नाही, जिवंत असते म्हणून डोळा फुटतो. पण लावण होऊन महिना गेला आणि कोंबच दिसला नाही, तर शेतकरी सरीत बोट घालून बघतोच. ताई, ते बघणं म्हणजे अविश्वास नव्हे.

मिरजेची सिस्टर
मी दवाखान्यात आयुष्य काढलं, म्हणून एक सांगते. माझ्या माहितीतल्या एक बाई संडे स्कूलमध्ये शिकवायच्या. आवाज कधी चढला नाही त्यांचा. म्हातारपणी स्मृती गेली आणि आता मुलीला शिव्या देतात, ताट फेकतात. प्रभूची प्रार्थनासुद्धा पूर्ण म्हणता येत नाही. पेत्राची यादी हातात घेऊन त्यांच्या खाटेशी बसा आणि सांगा, काय तपासायचं? मी मुलीला एवढंच सांगते, आईने प्रभूला धरलं होतं त्यापेक्षा प्रभूने आईला घट्ट धरलंय.

शाहूपुरीकर
सिस्टर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. त्या बाईंना कोणीही तपासू नये. आजाराने हिरावलेलं आणि माणसाने जाणूनबुजून टाकून दिलेलं, दोन्ही एका मापाने कसं मोजायचं?

पण मी तारण कशाने होतं हे विचारत नाहीये. ते कृपेनेच होतं, इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय मलाही पाठ आहे. खात्री ही वेगळी गोष्ट. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, पुढे हे काम प्रेस्बिटेरियन मिशनने सांभाळलं. त्या परंपरेची श्रद्धा मांडणाऱ्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीचा अठरावा अध्याय याच विषयावर आहे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी बराच काळ थांबावं लागू शकतं, झगडावं लागू शकतं, असं त्यात आहे. म्हणजे खात्री नसणारा बुडालाच असं नाही. उलट, ढोंगी माणूस खोट्या भरवशाने स्वतःला फसवू शकतो, हेही तिथेच आहे. आणि ताई, वेस्ली १७३८ नंतर काय करत होता? जन्मभर पवित्रतेचाच उपदेश!

ब्रह्मपुरीचा
आम्ही कॅथलिक, त्यामुळे थोडं बाहेरून. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये सांगितलं की आपल्याला कृपा मिळाली आहे हे विश्वासाच्या अचूक खात्रीने कोणीही जाणू शकत नाही. आम्ही आशा धरतो, मिस्साला जातो, पापकबुली करतो. त्यात आम्हाला शांती आहे.

राजारामपुरीची ताई
भाऊ, तुमच्या आशेबद्दल आदर आहे, पण योहान आपल्या पहिल्या पत्रात स्पष्ट लिहितो की तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून मी लिहिलं. आशेपेक्षा ते जास्त आहे.

शाहूपुरीकर
आणि त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपण मरणातून जीवनात गेलो हे कशावरून कळतं? बंधूंवर प्रीती करतो त्यावरून. पुन्हा भाऊ आलाच, ताई. कोर्टातला.

राजारामपुरीची ताई
हो, त्या भावाला हे वचन मीसुद्धा वाचून दाखवीन, आणि हुंडा परत करायलाही सांगीन. पण घरसभेतल्या त्या पोराने अजून काही केलेलं नाही, त्याने फक्त विचारलंय. त्याला मी आधी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय देणार, ख्रिस्तात असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही असं सांगणारा.

शाहूपुरीकर
द्या. बुधवारी मी त्याच्याबरोबर पेत्राचं पत्र सुरू करतोय. तुम्हीही या.