चित्रपटगृहाच्या पडद्यावर ऑपेरा आणि बॅले: आपण नेमके काय पाहतो आणि काय गमावतो?

अनाहत

नमस्कार. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच चित्रपटगृहात बसून एक संपूर्ण ऑपेरा पाहिला, तो म्हणजे व्हेर्दीचा ‘ला त्राविआता’. इटालियन भाषेचा एक शब्दही मला येत नाही, तरीही तिसऱ्या अंकात माझे डोळे भरून आले आणि दिवे लागल्यावरही काही वेळ जागेवरून उठवले नाही. त्यानंतर दोन आठवड्यांनी मोठ्या अपेक्षेने त्याच पडद्यावर ‘जिझेल’ हा बॅले पाहिला. नर्तक निष्णात होते आणि संगीतही सुंदर होते, पण दुसऱ्या अंकात काहीतरी सतत हातातून निसटत आहे असे वाटत राहिले. नेमके काय निसटले, ते मला सांगता येत नाही.

पाश्चात्त्य गायन शिकणारी माझी एक मैत्रीण म्हणते की पडद्यावर पाहिलेला ऑपेरा हा ऑपेरा नव्हेच, कारण त्यात गायकाचा खरा आवाज कानावर पडतच नाही. तिचे म्हणणे कितपत बरोबर आहे? आणि बॅलेच्या बाबतीत माझे मन का रमले नसावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे, कारण मला हे पुढेही पाहत राहायचे आहे.

कोमलनिषाद

आपल्या मैत्रिणीचे म्हणणे निम्मे बरोबर आहे आणि ते निम्मे महत्त्वाचे आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

ऑपेरागृहात गायक ध्वनिवर्धकाशिवाय गातो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासारख्या सुमारे 3,800 आसनांच्या प्रेक्षागृहात, मोठ्या वाद्यवृंदाच्या वरून, त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. हे केवळ जोर लावून साधत नाही. वाद्यवृंदाच्या नादाची ताकद मुख्यतः 500 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) आसपास एकवटलेली असते, तर तयार गायकाच्या, विशेषतः पुरुष गायकाच्या, आवाजात 3000 हर्ट्झच्या आसपास एक वेगळी झळाळी असते. तिथे वाद्ये तुलनेने क्षीण पडतात आणि आवाज त्या मोकळ्या वाटेने श्रोत्यापर्यंत येतो. एवढ्या मोठ्या दालनात कोणतेही यंत्र मध्ये नसताना एका माणसाचा गळा आपल्या अंगावर येतो, हा अनुभव पडदा देऊ शकत नाही. रंगमंचावरचा प्रयोग चित्रपटगृहात दाखवणाऱ्या प्रक्षेपणात ठिकठिकाणचे मायक्रोफोन आवाज टिपतात आणि ध्वनितंत्रज्ञ त्यांचा समतोल साधतात. परिणामी लहान आवाजाचा गायक आणि प्रचंड आवाजाचा गायक पडद्यावर जवळजवळ सारखे भासतात. म्हणून पडद्यावर ऐकून गायकाच्या आवाजाच्या आकाराविषयी कधीही मत बनवू नये. त्याच्या सुरेलपणाविषयी, शब्दोच्चाराविषयी, श्वासाच्या नियोजनाविषयी, तानांच्या स्पष्टतेविषयी मात्र निःशंकपणे मत बनवावे.

मैत्रिणीच्या म्हणण्याचे दुसरे निम्मे मला मान्य नाही. ऑपेरा हे नाटकही आहे, आणि आपले डोळे ज्या तिसऱ्या अंकात भरून आले तिथेच त्याचा पुरावा आहे. मरणासन्न नायिका व्हियोलेता तिचा प्रियकर आल्फ्रेदो याच्या वडिलांचे पत्र वाचते तेव्हा ती गात नाही, साध्या बोलण्याच्या स्वरात वाचते. खाली तंतुवाद्यांवर पहिल्या अंकातील प्रेमाची धून हलकेच वाजत असते. पत्र संपते, ती ‘उशीर झाला’ एवढेच म्हणते आणि आरशात स्वतःचा बदललेला चेहरा पाहते. प्रेक्षागृहाच्या वरच्या सज्जातून हा चेहरा तळहाताएवढाही दिसत नाही. कॅमेरा तो आपल्यासमोर आणून ठेवतो, आणि चांगला अभिनय करणारी गायिका असेल तर तो क्षण तिथल्या बहुतेक आसनांपेक्षा चित्रपटगृहात अधिक जवळून अनुभवता येतो. मला स्वतःला हा प्रसंग दोन्हीकडे पाहायला मिळाला आहे आणि मनात घर करून राहिला तो पडद्यावरचा.

शब्दांची सोय हाही मोठा लाभ आहे. रंगमंचाच्या वर भाषांतर दाखवण्याची पद्धत 1983 मध्ये टोरोंटो येथे कॅनेडियन ऑपेरा कंपनीच्या ‘एलेक्ट्रा’ या ऑपेरापासून सुरू झाली. त्याआधी परक्या भाषेतील ऑपेरा पाहणाऱ्याला संहिता वाचून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. पडद्यावर उपशीर्षके चित्राच्याच तळाशी येत असल्याने चेहऱ्यावरून नजर फारशी हलवावी लागत नाही.

पदन्यास

मी अनेक वर्षे बॅले शिकले आणि आता शिकवते, त्यामुळे ‘जिझेल’विषयीच्या प्रश्नाचे उत्तर मी देते.

आपल्याकडून जे निसटले ते म्हणजे अवकाश. 1841 मध्ये पॅरिसमध्ये प्रथम सादर झालेल्या या बॅलेच्या दुसऱ्या अंकात विली, म्हणजे लग्नापूर्वी मरण पावलेल्या तरुणींचे आत्मे, पांढऱ्या वस्त्रांत रंगमंचावर येतात. त्या समूहाच्या दोन बाजूंच्या रांगा एक पाय मागे उचललेल्या अवस्थेत, दुसऱ्या पायावर छोट्या उड्या घेत, एकमेकींमधून आरपार जातात. या दृश्याची सारी शक्ती दोन्ही बाजू एकाच वेळी दिसण्यात आहे. डावीकडून येणारी रांग उजवीकडच्या रांगेला ज्या क्षणी भेटते, त्याच क्षणी कॅमेरा एका नर्तकीच्या चेहऱ्यावर गेला तर रचना मोडते. वाक्य ऐन क्रियापदाशी तोडल्यासारखे ते होते. आपण नवे प्रेक्षक असल्यामुळे काय हरवले हे आपल्याला कळले नाही, पण हरवल्याची जाणीव झाली, हे आपल्या नजरेच्या बाजूने बोलणारे आहे.

ऑपेरात अर्थ पुष्कळदा चेहऱ्यावर आणि शब्दात असतो, तर बॅलेत तो टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत पसरलेला असतो. पाय चौकटीबाहेर ठेवून घेतलेले नर्तकीचे छायाचित्रण मला, खरे सांगायचे तर, सहन होत नाही. नृत्यरचनाकार पेतिपाच्या ‘ला बायादेर’ या बॅलेमध्ये छायांचा प्रवेश आहे. त्यात एकामागून एक नर्तकी उतरणीवरून खाली येतात आणि प्रत्येक जण तीच एक हालचाल पुन्हा करते. कोणत्या निर्मितीत त्या 24 असतात, कोणत्या निर्मितीत 32. पहिली नर्तकी खाली पोहोचते तेव्हा शेवटची अजून दिसतही नसते, आणि त्या पुनरावृत्तीतूनच हळूहळू भूल पडते. दिग्दर्शकाने येथे धीर धरून कॅमेरा दूर, स्थिर ठेवला तर पडद्यावरही ते विलक्षण दिसते. कंटाळा येईल या भीतीने त्याने दर चार सेकंदांनी दृश्य बदलले, तर सगळी भूल उतरते.

याचा अर्थ पडद्यावर बॅले पाहूच नये असा मुळीच नाही. ‘स्वान लेक’ या बॅलेच्या तिसऱ्या अंकात ओडीलच्या, म्हणजे नायिकेचे रूप घेऊन आलेल्या मायावी तरुणीच्या, सलग 32 गिरक्या असतात. 1895 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निर्मितीत नर्तकी पिएरिना लेन्यानीने त्या घेतल्या, तेव्हापासून त्या या भूमिकेचे मानचिन्ह बनल्या आहेत. संपूर्ण आकृती चौकटीत ठेवून त्या दाखवल्या तर उभ्या पायाचा घोटा किती स्थिर आहे आणि नर्तकी गिरकी घेता घेता जागेवरून किती सरकते, हे प्रेक्षागृहातील लांबच्या आसनापेक्षा पडद्यावर अधिक स्वच्छ दिसते. दोन नर्तकांच्या युगुलनृत्यातही हाच लाभ आहे, कारण नर्तकीला उचलताना नर्तकाचा हात कुठे आणि केव्हा जातो ते पाहता येते. माझ्या विद्यार्थिनींना मी याच कारणासाठी अशा प्रक्षेपणांना पाठवते.

शनिवारचा श्रोता

वर झालेल्या चर्चेत थोडी व्यावहारिक माहिती जोडतो. मेट्रोपॉलिटन ऑपेराची चित्रपटगृहांतील प्रक्षेपणे 30 डिसेंबर 2006 रोजी मोझार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’च्या इंग्रजीतील संक्षिप्त रूपाने सुरू झाली. त्या संस्थेचे रेडिओ प्रक्षेपण मात्र 1931 पासूनचे आहे, आणि मी त्याच श्राव्य परंपरेतून आलेला माणूस आहे. शनिवारी दुपारी न्यूयॉर्कमध्ये होणारा प्रयोग युरोपात संध्याकाळी थेट दिसतो. जिथे त्या वेळी मध्यरात्र उलटलेली असते, तिथे बहुधा काही दिवसांनी त्याचे चित्रमुद्रण दाखवतात. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसकडून ऑपेरा आणि बॅले दोन्ही येतात. मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहाचे बॅलेही बरीच वर्षे येत होते, ते 2022 मध्ये थांबले.

जाण्यापूर्वी एकूण कालावधी आणि मध्यंतरांची संख्या पाहून घ्यावी. ‘ला बोएम’ किंवा ‘कार्मेन’ नव्या प्रेक्षकाला सहज पेलतात. जर्मन संगीतकार वाग्नरचा ‘दास राइनगोल्ड’ मात्र सुमारे अडीच तास मध्यंतराविना चालतो, आणि त्याच्याच ‘ग्योटरडेमरुंग’चा पूर्वरंगासह पहिला अंकच जवळपास दोन तासांचा आहे. मध्यंतरात पडद्यामागची दृश्ये आणि गायकांच्या मुलाखती दाखवतात. नुकतीच रंगमंचावर प्राण सोडून आलेली नायिका हसतमुखाने बोलताना पाहणे काहींना रुचत नाही. मी स्वतः तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहतो, जेणेकरून अंकाचा परिणाम मनात टिकून राहावा. नेपथ्य उभारणाऱ्या कामगारांची लगबग मात्र एकदा तरी अवश्य पाहावी.

एक तक्रारही नोंदवतो. एका चित्रपटगृहात आवाज इतका कमी ठेवला होता की हळुवार स्वरांचा पूर्ण अंक वाया गेला. अशा वेळी संकोच न करता पहिल्या दहा मिनिटांतच उठून कर्मचाऱ्यांना सांगावे.

अनाहत

सर्वांचे मनापासून आभार. ‘अवकाश’ हा शब्द वाचताच त्या दिवशीची अस्वस्थता मला उमगली. पुढील महिन्यात ‘स्वान लेक’ येत आहे आणि मी जाणार आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. बॅलेसाठी कोणत्या रांगेत बसावे? आणि चित्रपटगृहात टाळ्या वाजवणे योग्य आहे का? ‘त्राविआता’च्या शेवटी माझे हात आपोआप उचलले गेले होते, पण आजूबाजूला कोणीच वाजवत नसल्याने मी थांबले.

पदन्यास

पुढच्या रांगा टाळाव्यात. तिथून नजर पडद्याच्या एका भागावरून दुसऱ्या भागावर फिरवावी लागते आणि समूहाची रचना, कॅमेऱ्याने ती नीट दाखवली तरीही, आपल्याकडूनच तुटते. मध्यभागापेक्षा थोडे मागे, पण मधल्या आसनांवर बसावे, म्हणजे पडद्याच्या चारही कडा मान न वळवता दिसतील. दुसऱ्या अंकात सरोवराकाठी हंसिनी एकामागून एक, नागमोडी ओळीने प्रवेश करतात. तेव्हा पहिल्या हंसिनीच्या मागे नजर नेऊ नये, संपूर्ण ओळीकडे पाहावे.

टाळ्या जरूर वाजवाव्यात. नर्तकांना त्या ऐकू येणार नाहीत हे खरे आहे, पण पुढच्या वेळी आपल्या शेजारी बसलेल्या एखाद्या नव्या प्रेक्षकाचे हातही तसेच अर्ध्यावर थांबलेले असतील.