फुटलेली खारबंदिस्ती पुन्हा बांधावी, की जमीन खाडीला सोडावी?

खारेपाटकर: धरमतर खाडीकाठची आमची भातखाचरं खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड (भगदाड) पडून खारी झाली. वेळेत बुजवली असती तर दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन गेलं असतं. आज तिथे पुरुषभर तिवरं (खारफुटीची झाडं) आहेत आणि उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालामुळे परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. सातबारा आमचा, पीक शून्य. ही जमीन फुकट मिळालेली नाही. डोक्यावरून चिखल वाहून कुळांनी बांध घातले. 1933 ते 1939 चा अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा शेतकरी संप याच खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतल्या, कुळांचा. बांध परत झालाच पाहिजे.

तिवरप्रेमी: कष्टांबद्दल दुमत नाही. पण बांधाआधी तिथे उधाणाचं पाणी पसरायचं, कोळंबीची आणि बोयांची पिल्लं वाढायची. ओहोटीला जाऊन तिवराखाली बघा, चिखलातून बोटाएवढी श्वासमुळं दाटीने वर आलेली असतात. त्यांत लाटेचा जोर मोडतो, गाळ धरून राहतो. समुद्र चढतोय, बांध किती वेळा उंच करणार?

खारेपाटकर: बांधाबाहेरची तिवरं आमचे आजेही राखायचे, त्यांच्यामुळेच बांध टिकायचा. वाद आतल्या तिवरांचा आहे. तुम्ही उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं झडपेचं दार, पाहिलीय का? भरतीला खाडीच्या दाबाने झडप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, राखणदार नाही. फक्त कुजलेली फळी वेळच्या वेळी बदलायची. ती बदलली नाही आणि पाण्याने तिथूनच बांध पोखरला. याला निसर्गाची इच्छा म्हणू नका, ही हेळसांड आहे.

चिंबोरीवाली: तुमच्या त्या फुटक्या खारात आम्ही बाया चिंबोऱ्या (खेकडे), निवट्या (चिखलातले मासे) धरतो. त्यावर घर चालतं. बांध झाला तर आमचं काय, हे वर कुणीच विचारलं नाही. आमच्या नावाचा सातबाराच नाही ना. तरी बांध नकोच, असंही म्हणवत नाही, कारण गावातली विहीर मचूळ लागायला लागलीय. तिवरं दाट झालीत तिथे खाडी राहू दे. नवी खांड मात्र पावसाळ्यातल्या उधाणांआधी बुजवा.

खारेपाटकर: मग तिवरांखाली गेलेल्या जमिनीची भरपाई द्या. झाडं सगळ्यांच्या उपयोगाची, तर तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी का?

तिवरप्रेमी: भरपाईला माझा पूर्ण पाठिंबा. आतली तिवरं तोडून बांध घालायला नाही.