कॅनव्हास ताणण्याआधी कडा बघा

कॅनव्हासवरचं सुटं चित्र फ्रेम कसं करायचं, या प्रश्नावर कुणीतरी सल्ला दिलाय: कॅनव्हास गोंदाने थेट प्लायवर चिकटवा. तो मला पटला नाही. एकदा चिकटला की सोडवणं महाकर्मकठीण, आणि दमटपणाने प्लाय वाकला की चित्रही वाकणार. त्यापेक्षा कोपऱ्यांत पाचरी ठोकता येतील अशी लाकडी चौकट घ्या; कॅनव्हास सैल पडला तरी त्या ठोकून पुन्हा ताणता येतो.

पण कडांबद्दल इथे कोणी बोललंच नाही. माझ्या चित्रात रंग अगदी काठापर्यंत होता. फ्रेमवाल्याने दुमडायला चारही बाजूंनी दीड इंच घेतला आणि चित्रकाराची सही गेली की मागे! शेवटी सगळ्या पिना उपटून, कडांना मागून कापडी पट्ट्या जोडून त्या ताणाव्या लागल्या. कोरा काठ नसेल तर हे त्याला आधीच सांगा.