मदत हवी आहे : हवाईतल्या स्फॅग्नम मॉसचं बीजाणूंविना कसं चालतं?

स्फॅग्नम पॅलुस्ट्रे या मॉसवर (मॉस म्हणजे ओल्या जागी वाढणारं, फुलं न येणारं छोटं रोप) विद्यार्थ्यांसाठी टिपण करतेय आणि एका जागी अडकलेय.

या मॉसचा बीजाणुकोश, म्हणजे बीजाणूंची (बियांऐवजी ज्यांतून नवं रोप उगवतं त्या सूक्ष्म कणांची) पिशवी, टाचणीच्या डोक्याएवढा, गोल, गडद तपकिरी. उन्हात वाळला की आक्रसून नळकांड्यासारखा होतो, आतली हवा दाबली जाते, झाकण उडतं आणि बीजाणू 10 सेंटिमीटरहून वर फेकले जातात. इतक्याशा रोपाची ही ताकद पाहून मी थक्क झाले! बीजाणू जेमतेम 30 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एका बाजूला तीन रेघांची खूण. चार बीजाणू एकमेकांना चिकटून तयार होतात, त्याची ती निशाणी.

पण हवाई बेटावर, कोहाला डोंगरात, हे मॉस लैंगिक प्रजनन करतच नाही, तुकड्यांतूनच पसरतं. नर-मादी रोपं वेगळी असतात, आणि 2012 च्या जनुकीय अभ्यासानुसार तिथली सगळी रोपं एकाच मूळ रोपापासून आलेली. म्हणजे जोडीदारच नाही, हे पटतं. तरी त्यांच्यात जनुकीय विविधता भरपूर सापडली!

ही विविधता निव्वळ उत्परिवर्तनांनी (जनुकांत आपोआप होणाऱ्या बदलांनी) साठत गेली असं समजायचं का? आणि ते मूळ रोप वाऱ्यावर आलेल्या बीजाणूतून उगवलं, की पक्ष्याच्या पायाला चिकटलेल्या तुकड्यातून, हे कशावरून ठरवतात?

शिवाय, जननेंद्रियं नसलेलं रोप नर की मादी, हे ओळखता येतं का? मॉसवर काम केलेल्या कुणी समजावून सांगितलं तर फार बरं होईल.