फ्लेक्सी चासी: लवचीक, सैल की खेळती?

रानजाई:
नमस्कार मंडळी. अडलंय एका शब्दापाशी, पण त्यासाठी थोडं पाल्हाळ लावावं लागेल.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. इथे ओहायोत आमच्या घरापासून अर्ध्या तासावर स्लॉट कारचा मोठा ट्रॅक आहे, आठ मार्गिकांचा. दर शनिवारी तो तिथे असतो आणि आता मीही असते. गाड्या १/२४ प्रमाणातल्या, वीतभरापेक्षा जरा कमी लांब. प्रत्येक मार्गिकेच्या मधोमध एक खाच. गाडीच्या नाकाखाली प्लास्टिकचं पातं असतं, ते त्या खाचेत उतरतं. पात्याच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या तारांची वेणी, ती ट्रॅकवरून वीज उचलते. हातातल्या कंट्रोलरने फक्त वेग कमीजास्त करायचा. वळण खाच घेते, पण वेग जरा चुकला की गाडी खाचेतून उडालीच.

माझे वडील पुढच्या महिन्यात येताहेत. अण्णा इचलकरंजीत जन्मभर यंत्रमागांचे फिटर होते. नातवाची गाडी स्वतः लावून द्यायची असं त्यांनी ठरवलंय, म्हणून सेटिंगचा कागद मी मराठीत उतरवते आहे. त्यात ‘फ्लेक्सिबल चासी’ आलं, चासी म्हणजे बॉडीखालची बांधणी. मी सरळ ‘लवचीक चासी’ लिहिलं आणि फोनवर वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, “लवचीक म्हणजे वेताची छडी. वाकवली, सोडली, सरळ झाली. तू सांगतेस ते पोलादी पत्र्याचे तीन तुकडे एकमेकांत अडकवलेत आणि ते हलतात. हे लवचीक नव्हे, सैल.” मी म्हटलं, यंत्राला सैल म्हणणं म्हणजे खोट काढणं. त्यावर म्हणाले, “मग जे आहे ते लिही. नसलेलं लिहू नकोस.”

आता काय लिहू?

सांडगा:
यासाठी परिभाषेत ‘नम्य’ हा चांगला शब्द आहे. नम्य, नम्यता, अनम्य अशी सगळी रूपं मिळतात. ‘नम्य सांगाडा’ लिहा. ‘चासी’ तर ठेवूच नका. चांगला मराठी शब्द असताना परका उचलायची सवय आपल्याला लागली आहे आणि मला तिचा मनापासून त्रास होतो.

वंगण:
साताऱ्यात माझं गॅरेज आहे. सांडगा, आमच्याकडे कुणी ‘सांगाडा’ म्हटलं तर भंगारात निघालेली गाडी डोळ्यांसमोर येते. चेसी ती चेसीच. आरसी बुकातला नंबर लोक ‘चेसी नंबर’ म्हणूनच सांगतात, पाचवी शिकलेला ड्रायव्हरसुद्धा.

रानजाई, तुमच्या वडिलांचं म्हणणं मला पटतं. आमच्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रकचा पाटा वजन आलं की दबतो आणि परत उठतो, ती त्या पोलादाची स्प्रिंग. बुश आणि पिन यांच्यात जी हालचाल राहते तिला ‘प्ले’ म्हणतात. तुमच्या गाडीत यातलं नक्की कोणतं आहे?

रानजाई:
दोन्ही, आणि गोंधळ तिथेच होतो. मधल्या पट्टीवर मागे मोटर, पुढे पातं. दोन्ही बाजूंना पंखासारखे दोन पत्रे. ते मधल्या भागाला तारेच्या आणि वाकवलेल्या कडांच्या आधाराने अडकवलेले असतात, डाख लावून पक्के केलेले नसतात. पारदर्शक प्लास्टिकची बॉडी या पंखांना टाचण्यांनी लावायची. गाडी हातात धरून हलवली की पंख टकटक वाजतात. शिवाय पत्रा स्प्रिंगच्या पोलादाचा, त्यामुळे मधली पट्टीही जराशी पिळते.

अण्णांचा पुढचा प्रश्न होता, “चासी वाकते तर मोटरचा डाख कसा टिकतो?” म्हणजे माझ्या ‘लवचीक’मुळे त्यांच्या मनात सगळी गाडी रबरासारखी झाली होती. मोटर बसते तो भाग ताठच असतो. हे त्यांना समजावायला दहा मिनिटं गेली. एका शब्दाने एवढी दिशाभूल होत असेल तर तो मला नको आहे.

आडकित्ता:
मूळ प्रश्नाआधी एक. धाग्यात कुणी ‘लवचिक’ लिहायच्या आत सांगतो, ‘लवचीक’च बरोबर. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांप्रमाणे अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ. पण ‘लवचिकता’, ‘लवचिकपणा’ यांत ऱ्हस्व. गरीब आणि गरिबी, तसं.

तिरफळ:
माझी आजी हा शब्द ‘लव’ आणि ‘चीक’ यांवरून फोडायची. कोवळ्या फांदीला लव असते आणि मोडली की चीक येतो, म्हणून ती लवचीक. आम्ही कोकणातले, अंगणात चिकाची झाडं भरपूर, त्यामुळे मला अजूनही ते खरं वाटतं.

आडकित्ता:
आजींची फोड सुंदर आहे, पण इथे ‘लवणे’ हे क्रियापद आहे. लवून नमस्कार, डोळ्याचं पातं लवतं न लवतं, त्यातलं. हे ‘लवणे’ संस्कृत ‘नम्’पासून आलं ही व्युत्पत्ती मला पटते. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘न’चा ‘ल’ होणं आपल्याकडे नवं नाही. निंबाचा लिंब झाला, नवनीताचं लोणी झालं. म्हणजे सांडगा यांचा ‘नम्य’ आणि रानजाई यांचा ‘लवचीक’ एकाच घरचे. ‘लवून नमस्कार’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो.

सांडगा:
मग तर ‘नम्य’ला हरकत घेण्याचं कारणच उरलं नाही.

वंगण:
कारण उरलं. एकाच घरचे असले तरी एक शेतात राबतो आणि दुसऱ्याला कुणी पाहिलेलं नाही. ‘नम्य’ म्हटल्यावर आमच्या गॅरेजात एकही पोरगं पाना हातात घेणार नाही. आणि अर्थ तर वाकण्याचाच राहिला, अण्णांचा आक्षेप जागच्या जागी.

तिरफळ:
मी वीस वर्षं इंग्लंडमध्ये होतो, तिथल्या एका क्लबात १/३२च्या गाड्या पळवायचो. वस्तू कशी घडली ते पाहिलं तर शब्द सापडेल असं मला वाटतं.

‘स्लॉट कार’ हे नावच मुळात वेगळेपणा दाखवायला आलं. १९५०च्या दशकात ब्रिटनमधल्या छंदी मंडळींच्या ट्रॅकवर उंचावलेली पट्टी असायची, गाडी तिला धरून पळायची, ती रेल कार. पट्टीच्या जागी खाच आली तेव्हा ती स्लॉट कार. १९५७ साली फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्स कंपनीने आपल्या चावीच्या ‘स्केलेक्स’ गाड्यांना वीज दिली आणि स्केलेक्स अधिक इलेक्ट्रिक असं ‘स्केलेक्स्ट्रिक’ झालं. ब्रिटनमध्ये तो शब्द आता या खेळालाच वापरतात, आपल्या वनस्पती तुपाच्या ‘डालडा’सारखा.

अमेरिकेत १९६०च्या दशकात लाट आली. मोठमोठे भाड्याचे ट्रॅक निघाले. ‘ब्लू किंग’ नावाचा प्रसिद्ध ट्रॅक एका फेरीला १५५ फूट. मोटरी बहुतेक जपानच्या माबुचीच्या. त्या झपाट्याने ताकदवान झाल्या आणि चासी मागे पडली. ताठ चासीला मोठी ताकद दिली की वळणात गाडी एक अंग उचलते, पातं खाचेतून वर येतं, गाडी गेली. म्हणून पोरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पितळी नळ्या आणि पियानोची कडक पोलादी तार डाखून स्वतःच्या चासी बांधल्या. आधी पात्याला स्वतंत्र बिजागरीचा हात दिला, मागचा भाग उसळला तरी पातं खाली राहावं म्हणून. मग बाजूचे पत्रे बिजागऱ्यांवर सोडले, म्हणजे बॉडीचं वजन मधल्या भागाला धक्का न देता हलेल. दशकाच्या अखेरीस मोटर आसाला तिरकी बसवायची पद्धत आली, तिने वजन खाली आणि मागे गेलं.

फ्लेक्सी चासी ही या सगळ्या हातकामाची कारखान्यातली आवृत्ती. पत्रा ठोकून कापलेला, अडकवला की तयार. ओहायोच्या पार्मा कंपनीची ‘फ्लेक्सी’ आणि जॉर्जियाच्या चॅम्पियन कंपनीची ‘टर्बोफ्लेक्स’ यांच्यामुळे बांधणीचा डाख न येणाऱ्या पोरालाही हलत्या अंगाची गाडी मिळाली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पियानोची तार नीट डाखायला मला दोन वर्षं लागली होती.

तेव्हा मुद्दा वाकण्याचा कधी नव्हताच. एक भाग हलला तरी दुसरा त्याने विचलित होऊ नये, हा होता.

घाटमाथा:
तिरफळ यांचं वाचून सुचलं: ‘खेळता’. खेळती हवा, खेळतं पाणी, खेळतं भांडवल. अडकून न पडता हवं तेवढं हलणारं. ‘खेळत्या बाजूंची चासी’. आणि वंगण यांचा ‘प्ले’ही याच अर्थाचा आहे, पाहा!

रानजाई:
हे मला खूप आवडलं. अण्णांना आत्ताच विचारते.

सांडगा:
‘खेळता’ला माझा ठाम विरोध. वस्तू आधीच खेळातली. ‘खेळती चासी’ वाचून कुणीही ‘खेळण्यातली चासी’ असंच समजेल. रानजाई यांच्या मुलासाठी ही पोरखेळाची गोष्ट नाही, त्याला तसं वाटायला लावू नये.

घाटमाथा:
‘खेळतं भांडवल’ वाचून कुणाला पत्त्यांचा डाव आठवतो का? संदर्भ अर्थ सांभाळतो. शब्द लोकांच्या तोंडी आधीपासून आहे, एवढं मला पुरे आहे.

सांडगा:
लोकांच्या तोंडी ‘चेसी’ही आहे, आणि तुम्ही तीही ठेवता आहात. मग मराठीचं उरलं काय? विशेषण तेवढं.

आडकित्ता:
‘चेसी’बद्दल. मूळ फ्रेंच ‘शासी’, अर्थ चौकट. खिडकीच्या तावदानाच्या चौकटीला इंग्रजीत ‘सॅश’ म्हणतात, तो शब्दही याच ‘शासी’पासून घडला. तेव्हा मराठीच हवं असेल तर ‘सांगाडा’पेक्षा ‘चौकट’ जवळचं. उच्चाराचं म्हणाल तर ‘चासी’, ‘चॅसी’, ‘चेसी’, ‘शॅसी’ असे चारही मी छापलेले पाहिले आहेत.

घाटमाथा:
चौकट कशाला? गाडीच्या खालच्या बांधणीला आपला शब्द आहेच: साटा. आमच्या बैलगाडीचा साटा बाभळीचा होता.

रानजाई:
अण्णांशी बोलले. ‘खेळता’ त्यांना पसंत, पण त्यांनी मलाच कामाला लावलं. “किती खेळतं, ते लिहिलंस का?” मी नव्हतं लिहिलं. मग मुलाला शेजारी बसवून कागद पुन्हा केला, तो असा झाला:

चासी काचेच्या सपाट तुकड्यावर ठेव, कुठेही डुगडुगता कामा नये. उचलून हलव, दोन्ही पंख सारखे वाजले पाहिजेत. एकच वाजला तर दुसरीकडे कड घासते आहे किंवा ट्रॅकवरचा चिकट द्रव आत जाऊन वाळला आहे, पुसून काढ. पंख अडले तर वळणात गाडी ठोकर खात जाते. फार सुटे झाले तर वळणातून बाहेर पडताना उशिरा सरळ होते. बॉडीला टाचण्यांची भोकं जरा मोठी ठेव, बॉडी गच्च बसवली तर तीच पंखांना बांधून ठेवते. तांब्याची वेणी ट्रॅकवर सपाट टेकली पाहिजे. दात्यांच्या चाकांत अगदी किंचित अंतर ठेव.

हे वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, “आता कळलं. धोट्याच्या पेटीसारखं. गच्च केली तर धोटा अडतो, ढिली ठेवली तर उडतो.” (धोटा म्हणजे मागावरचं शटल.) दात्यांच्या अंतरालाही मी ‘खेळ’ लिहावं म्हणतात, म्हणजे एकाच कागदात तो शब्द दोन अर्थांनी येईल. हे चालेल का?

वंगण:
दात्यांना ‘प्ले’च लिहा. अण्णांना कळेल.

सांडगा:
माझं मत बदललेलं नाही. पण तुमचा कागद चांगला उतरला आहे, रानजाई. ‘नम्य’ कंसात तरी द्या.

तिरफळ:
कागदात एक भर: शर्यत संपली की पंखांखालचा चिकटा त्याच दिवशी पुसा. रात्रभर राहिला तर दगड होतो.

घाटमाथा, साटा म्हणजे नक्की कुठला भाग? आमच्याकडे वर बसायचं किंवा माल भरायचं जे असतं त्याला साटी म्हणत, आणि खालची लाकडं वेगळी.

घाटमाथा:
आमच्याकडे आखावर बसणारी सगळी बांधणी म्हणजे साटा. दोन लांब लाकडं, आडव्या पट्ट्या, आणि सांधे कुसवाचे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या भोकात बसवलेलं. ओढ्यात उतरताना सगळा साटा कुरकुरायचा, एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमिनीवर राहायचं.

वंगण:
कुसवाचे नाही, कुसूचे. सुताराचा मुलगा आहे मी.

आडकित्ता:
‘कुसू’ नपुंसकलिंगी ना? ते कुसू, त्या कुसवाला. म्हणजे घाटमाथा यांचं ‘कुसवाचे’ बरोबर ठरतं.

वंगण:
आमच्या घरात ‘तो कुसू’ म्हणायचे, आणि ‘कुसूला’. वडिलांचं तोंडचं ऐकलेलं आहे.

तिरफळ:
आणि चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला जी खीळ असते, तिला तुमच्या दोघांकडे वेगळा शब्द आहे का? आमच्याकडे नुसतं ‘खीळ’. बायको वाशीमची, तिच्या माहेरी काही वेगळंच म्हणत, पण तिला आता आठवत नाही.