क्रूझवर सीई क्रेडिट्स: कॅरिबियनला जाऊन खरंच क्लास होतात का?

मोगरा_०७
नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात डेंटिस्ट आहे, एच-फोर ईएडीवर (नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळालेलं वर्क परमिट), एका क्लिनिकमधे १०९९ वर, म्हणजे पगारी नाही, कंत्राटी, काम करते. नवरा एच-वन-बी वर्क व्हिसावर. माझं लायसन्स रिन्यू व्हायचंय आणि त्यासाठी लागणाऱ्या सीईच्या (कंटिन्युइंग एज्युकेशन, एक युनिट म्हणजे एक तास) दोन वर्षांच्या ५० युनिट्सपैकी जेमतेम २६ झालीयेत, तीही बहुतेक लेकाला झोपवून लॅपटॉपसमोर पेंगत केलेली. क्लिनिकमधल्या एक सिनियर बाई म्हणाल्या की दरवर्षी सीई क्रूझला जाते, तूही चल, फेब्रुवारीत मायामीहून सात रात्रींची आहे, बोटीवर १६ तासांचे क्लास, बाकी वेळ समुद्र, आणि वर सगळा खर्च टॅक्समधून वजा. नवऱ्याला हे शेवटचं वाक्य इतकं आवडलं की त्याने बाल्कनीवाल्या केबिनचे भाव बघायला सुरुवातपण केली :)
तर विचारायचं असं की तिथे खरोखर काही शिकवतात की सही करून सगळे पूलवर पळतात, डेंटल बोर्ड हे तास धरतो का, ते टॅक्सचं खरंय का, आणि चार वर्षांच्या मुलाचं मी क्लासमधे असताना काय करायचं? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

उलटा_वारा
मी दोनदा जाऊन आलेय (मीपण डेंटिस्ट, न्यू जर्सी), म्हणून लिहिते. क्लास होतात आणि बरे होतात. पद्धत अशी असते की बोट बंदराला लागलेली असते त्या दिवशी शक्यतो काही ठेवत नाहीत, सी डेला, म्हणजे दिवसभर पाण्यातच असतो त्या दिवशी, सकाळी आठ ते बारा धरून बसवतात. सात रात्रींत असे सी डे दोन किंवा तीन मिळतात, त्यामुळे १६ तास कसे बसवलेत ते टाइमटेबल मागून बघ. तीन सी डेचे १२ झाले, उरलेले चार कुठेतरी कोंबलेले असणार, बहुतेक बंदरातून परतल्यावर संध्याकाळी. दिवसभर उन्हात पोहून आल्यावर पाच वाजता रूट कॅनालच्या एक्सरे स्लाइड बघणं काय असतं हे मी सांगत नाही, अनुभव घे.
हजेरी मात्र कडक होती. आत जाताना सही, बाहेर येताना सही, शेवटी फीडबॅक फॉर्म भरल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. शिकवणारा चांगला असेल तर बोटीवरचा फायदा वेगळाच असतो, तोच माणूस रात्री जेवणाच्या टेबलावर शेजारी येतो आणि मग आपण आपल्या अडलेल्या केसेस काढतो. मला एका फसलेल्या क्राउनचं उत्तर स्वीट डिश येईपर्यंत मिळालं होतं, क्लासमधे विचारायची लाज वाटली असती.
बोर्डाचं म्हणशील तर प्रोव्हायडर, म्हणजे कोर्स देणारी संस्था, एडीए सर्प किंवा एजीडी पेसच्या मान्यतेची आहे का एवढं बघ, कॅलिफोर्निया हे दोन्ही धरतं. पण इन्फेक्शन कंट्रोलचे २ आणि डेंटल प्रॅक्टिस ॲक्टचे २ तुला वेगळे करावे लागतील. त्यातला ॲक्ट तर फक्त तुमच्या राज्याचा, बोटीवर पंधरा राज्यांतले लोक असतात, तो कोण शिकवणार?
मुलाचं सोपं आहे. बऱ्याच बोटींवर तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला असला की किड्स क्लबमधे घेतात, सी डेला सकाळपासून उघडा असतो. पहिल्या दिवशी चढल्या चढल्या नाव नोंदव, रांग असते.

हिशेबनीस
टॅक्सचं मी बघतो. (सीपीए, म्हणजे इथला सीए आहे, पण तुमचा नाही, त्यामुळे आपापल्या माणसाला विचारा.)
"सगळा खर्च वजा" हे दर सीझनला एक तरी क्लायंट ऐकून येतो. क्रूझसाठी कायद्यात वेगळं कलम आहे, सेक्शन २७४(एच). कामासंबंधीची कॉन्फरन्स किंवा सेमिनार बोटीवर असेल तर खर्च वजा व्हायला बोट अमेरिकेत रजिस्टर झालेली हवी, आणि ती जिथे जिथे थांबते ती सगळी बंदरं अमेरिकेतली किंवा अमेरिकेच्या ताब्यातल्या प्रदेशातली हवीत. इतकं सगळं जमलं तरी माणशी वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, आणि रिटर्नसोबत दोन निवेदनं जोडायची, एक तुमच्या सहीचं ज्यात रोज किती तास कामाचे होते ते, एक आयोजकांच्या अधिकाऱ्याच्या सहीचं.
आता मायामीहून सुटणारी मोठी बोट घ्या, मागे झेंडा बघा, बोट जिथे रजिस्टर झालेली तिथला असतो. बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा, यातलाच कुठला तरी असणार. अमेरिकन झेंड्याची मोठी क्रूझ बोट म्हणजे प्राइड ऑफ अमेरिका, ती हवाईत फिरते. परदेशी झेंड्याच्या बोटीला १८८६ च्या कायद्यामुळे मधे परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणजे दुसरी अटही गेली. नासाऊ किंवा कोझुमेलला थांबलात की विषय संपला.
बऱ्याच जणांना वाटतं तिकीट नाही तर नाही, क्लासची फी तरी शेड्युल सीवर (स्वतंत्र काम करणाऱ्यांच्या खर्चाचा फॉर्म) टाकू. कलमातली भाषा त्या मीटिंगवर झालेल्या खर्चाची आहे, नुसत्या तिकिटाची नाही, त्यामुळे तेही गृहीत धरू नका. डब्ल्यू-टूवाल्यांना, म्हणजे पगारदारांना, तर स्वतःच्या खिशातून केलेला असा खर्च २०१८ पासून फेडरल रिटर्नवर मिळतच नाही. नवरा आणि मुलगा कुठल्याच हिशेबात येत नाहीत हे वेगळं सांगायला नको.
गंमत अशी की तोच कोर्स जमैका किंवा बार्बाडोसच्या जमिनीवर, हॉटेलात असता तर ही क्रूझची अट लागली नसती, आणि परदेशातल्या कॉन्फरन्सची वेगळी अटही नाही, कारण आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) यादीत ते देश "नॉर्थ अमेरिकन एरिया"त येतात, तिथे नेहमीचे नियम. जायचं मुख्य कारण काम होतं हे मात्र दाखवता आलं पाहिजे.

मोगरा_०७
बापरे. म्हणजे सिनियर बाई इतकी वर्षं वजा करतायत ते??

हिशेबनीस
मला काही ऐकू आलं नाही.

पासपोर्ट_कुठे_ठेवला
मोगरा ताई, टॅक्स राहू दे बाजूला, तुमच्या दोघांच्या पासपोर्टमधला व्हिसा स्टॅम्प व्हॅलिड आहे का ते आधी सांग. लोक म्हणतात अमेरिकेतून निघून अमेरिकेतच यायचं तर कसला व्हिसा. बोट बहामाला लागली की आपण देशाबाहेर गेलो, परतताना पुन्हा एंट्री. सिटिझन लोक अशा क्रूझला बर्थ सर्टिफिकेट आणि फोटो आयडीवर जाऊन येतात, त्यांचं ऐकून आपण बॅग भरायची नाही.
खरा घोळ इथे आहे: स्टॅम्प संपलाय पण आय-७९७ (मंजुरीचं पत्र) आणि आय-९४ (इथे राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे, अशांना ३० दिवसांच्या आतल्या ट्रिपनंतर परत येता येतं, ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन म्हणतात त्याला, पण एच-वाल्यांना ते फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरतं आहे. एफ आणि जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आजूबाजूची बेटंही चालतात (क्युबा सोडून), त्यामुळे विद्यार्थी असताना जाऊन आलेला मित्र छातीठोक सांगतो की काही होत नाही. त्याला झालं नाही, कारण तो एफ-वनवर होता!
आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला बंदरावर चेक-इनलाच थांबवलं, बॅगा आत गेलेल्या, पैसे परत नाहीत. आणि भारतीय पासपोर्टला कुठल्या बेटावर काय लागतं हे बुकिंगच्या आधी क्रूझ कंपनीकडून लेखी घे, फोनवर सांगितलेलं नको.

कोरडी_जमीन
मी जरा पाणी ओततो. आम्ही गेलो होतो त्या कोर्सचे पहिले दोन तास इम्प्लांट बनवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात होती, शिकवणारा त्यांचाच सल्लागार निघाला, आणि हे ब्रोशरमधे बारीक अक्षरात होतं. त्यामुळे वक्ता कोण आणि त्याला पैसे कोण देतं हे आधी वाचा.
दुसरं, आयोजक म्हणतात आमच्याच एजंटकडून केबिन घ्या नाहीतर क्लासची फी जास्त, तर आधी तीच केबिन बाहेर केवढ्याला आहे ते बघा. त्यात टिप माणशी दिवसाला पंधरा-वीस डॉलर (मुलाचीही), वायफाय, मायामीपर्यंतचं विमान धरा. १६ युनिट्ससाठी तिघांचा खर्च काढून बघा, तेच युनिट लायब्ररीत बसून जवळजवळ फुकट झालं असतं.
फेब्रुवारी निवडलात ते बरं. हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, स्वस्त क्रूझ बहुतेक त्यातल्याच. आमची सप्टेंबरची होती, वादळामुळे एक बंदर रद्द झालं, तो दिवस सी डे झाला आणि आयोजकांनी उत्साहाने जादा लेक्चर ठेवलं. बेट गेलं, क्लास राहिला.

मोगरा_०७
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री पासपोर्ट काढून बघितले. माझा स्टॅम्प पुढच्या वर्षापर्यंत आहे, नवऱ्याचा गेल्या ऑगस्टमधे संपलाय, आणि हे त्याला माहीतच नव्हतं कारण "आय-७९७ आहे ना". केबिनवाला टॅब त्यानेच मुकाट्याने बंद केला.
आता असं ठरतंय की डिसेंबरात भारतात जाऊ तेव्हा त्याचं स्टॅम्पिंग, क्रूझ त्यानंतर कधीतरी, आणि ती सुट्टी म्हणूनच. उरलेली २४ युनिट्स इथेच करते, त्यातली ॲक्ट आणि इन्फेक्शन कंट्रोलची चार या शनिवारी. @उलटा_वारा, पुढच्या वेळी तू जाणार असशील तर आधी सांग, एकत्र जाऊ. आणि समुद्र लागतो का गं? मला घाटातल्या गाडीतपण होतं.

उलटा_वारा
लागतो. केबिन खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर घे, तिथे सगळ्यात कमी हलतं, बाल्कनीचा मोह सोड. गोळी हलायला लागायच्या आधी घ्यायची असते, पण झोप येते, म्हणजे आठच्या लेक्चरला तू परत पेंगणारच. आणि स्वेटर आण. बाहेर घाम आणि त्या हॉलमधे एसी असा की आम्ही सगळे पूलचे टॉवेल पांघरून बसलो होतो.